गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी

सोलर साइट, फलोदीच्या पुढे, राजस्थान
६ फेब्रुवारी २०२६

चि. नमूस दादाचे आशीर्वाद. अर्धेच पाठवतोय, बाकीचे भांडण मिटल्यावर.

तर चोराची बाजू घ्यायला आपल्याच घरातली मुलगी सापडली काय, हा माझा प्रश्न होता आणि त्यावर तू फोन कट केलास. मी परत लावला, तू परत कट केलास. तिसऱ्यांदा मी कट केला तो बरोबरीसाठी. म्हणून आता कागद घेतला. ह्यो काय मधेच कट होऊचो नाय.

तू वकिली शिकतेस म्हणून मी इथल्या पोरांना काळा कोट सांगून ठेवलाय. आता आई सांगते, तू ओरोसला सरकारी बचाव वकिलांच्या हाताखाली इंटर्नशिप का काय करतेस, आणि काम काय तर वाडीवाडीत फिरून कोण कुठे उभा होता, कोणी काय बघितलं, ते विचारायचं. हे काम पोलिसांचं. ते त्यांनी केलं आणि बाबलीला धरला. तू परत कशाला उकरतेस?

आणि उकरायचं तर दुसरं काही उकर. भाईच्या घरची चोरी कशाला? भाई नारळाचा व्यापारी असेल, बोलायला फटकळ असेल, पण बाबांना गोव्याच्या इस्पितळात न्यायचं होतं तेव्हा गाडी त्याचीच आली. आता आई गिरणीवर गेली की बायका विचारतात, चेडू काय चोराक सोडवता काय गो. लवूकाकाला तर तोंड दाखवायची चोरी. गावपळणीचा कौल देवाकडे काकाच लावतो. चार वर्षांनी एकदा अख्खा गाव तीन दिवस हद्दीबाहेर जातो, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळं घेऊन. मागे राखणीला माणूस ठेवत नाहीत, देव राखतो म्हणून. त्याच तीन दिवसांत भाईच्या घरातून दोन समया, घंगाळ आणि पंपाची मोटर जाते. म्हणजे चोरी एक आणि देवाची हद्द मोडली ते दुसरं. अशा माणसाला तू सोडवायला निघालीस, आणि काकाची पुतणी म्हणून निघालीस.

बाबली माणूस वाईट नाही, मला माहीत आहे. माडावर चढायला मला त्यानेच शिकवलं. पण बाहेरच्या गावचा पाडेली, आज ह्या बागेत नारळ पाडतो, उद्या त्या. पोलीस उगाच धरतात काय?

इथे माझं बरं आहे. मैलभर काचा, सूर्य तापायच्या आत त्या पुसायच्या. पहिल्या दिवशी लांबून पाणीच वाटलं, चालत गेलो तर काच. वेरावळच्या मच्छीपेक्षा वास बरा, पण इथेही किती दिवस काढीन सांगता येत नाही. बसलं की पाय हलतात. मुकादम म्हणतो, तुझ्या खाटेखाली मुंग्या आहेत काय.

ते काम सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस. आईला सांभाळ, मला रागावून का होईना लिही.

तुझा दादा,
मितेश

---

ओरोस
१५ फेब्रुवारी २०२६

ती. दादास सा. न.,
अर्धे आशीर्वाद मिळाले, त्यामुळे नमस्कारही गुडघ्यापर्यंतच वाकून केलाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा हसून. काळ्या कोटाला अजून दीड वर्ष आहे, तोवर पोरांना सांग की बहीण पायी फिरणारी वकील आहे.

काम काय ते नीट सांगते. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारने वकील द्यायचा, असा कायदा आहे. आमचे प्रीतम सर तसे वकील. त्यांच्याकडे एका वेळी साठ-सत्तर माणसांची प्रकरणं. पोलिसांनी लिहिलेलं खरं की खोटं, ते जागेवर जाऊन बघायला त्यांना वेळ कुठचा? म्हणून आम्ही विद्यार्थी. मी आणि कोल्हापूरची रिया. सर कधीच एकटीला पाठवत नाहीत. साक्षीदार उद्या फिरला, तर तो काय बोलला होता ते सांगायला दुसरं माणूस हवं. बाबलीचं प्रकरण मी मागून घेतलेलं नाही. सरांनी आधी विचारलं की तुझाच गाव, जमेल का. मी हो म्हटलं. लोक काय म्हणतील ते तेव्हाच कळत होतं.

तुला वाटतं पुरावा भक्कम आहे. पुरावे दोनच आहेत, आणि ते काही गुपित नाहीत, बाजारात सगळे बोलतात. पहिला कोयता. बाबलीचा कोयता भाईच्या पडवीत सापडला. बाबली म्हणतो, गावपळणीच्या आधीच्या सोमवारी मी नारळांचं पाडप अर्धं टाकून गेलो, तेव्हा कोयता बागेत माडाला खोचून ठेवला, पडवीत मी पाऊलच ठेवलं नाही. सगळे म्हणतात, मग कोयता काय चालत गेला? आणि खरं सांगू, मलाही तिथेच अडल्यासारखं होतं.

दुसरा दत्ताराम. आपल्या राहुट्या खाडीपलीकडे त्याच्याच शेतात होत्या ना. तो म्हणतो, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं होऊन माणसं आडवी झाली होती, तेव्हा भाईच्या बागेकडून लाल शर्टवाला माणूस डोक्यावर गोणी घेऊन बांधावरून जाताना मी बघितला, आणि तो बाबलीच. आम्ही परवा त्याच वेळी त्याच्या शेतावरच्या मांगराशी जाऊन उभ्या राहिलो. रियाला माझी लाल ओढणी गुंडाळून, डोक्यावर गोणपाट देऊन पलीकडच्या बांधावरून चालवलं. दत्तारामने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ठासून सांगितलं की हो, अगदी हाच, बाबलीची चालच अशी. रियाला हे सांगितल्यापासून ती माझ्याशी बोलत नाहीये.

हसण्यावारी नेऊ नकोस. बाबली अकरा डिसेंबरपासून आत आहे. एकदा जामीन नाकारला गेलाय, दुसऱ्या अर्जाची तारीख चोवीस मार्च आहे. शेवंती, त्याची बायको, काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते, हात त्यांच्या चिकाने काळे झालेत. तिने मला एकच विचारलं की गोणीवालो माणूस कोण, तां कोणीच कसां सांगणा नाय. गाव रिकामा होता, म्हणजे बघणाराही कोणी नसणार. कोणी असलाच तर तो कबूल करणार नाही, कारण गावपळणीत आत गेलो हे कोण सांगेल?

आई बरी आहे. कवड्या कोंबीची पिल्लं आता खळ्यात सगळीकडे पळतात, तीन मांजराने नेली. तू नीट जेव. मुंग्या खाटेखाली नाहीत, तुझ्या तळव्यात आहेत, लहानपणापासून.

राग उरला असेल तर पुढच्या टपालात घाल, पण माया सगळी आजपासूनच लागू ठेव.

तुझी,
नमू

---

सोलर साइट, राजस्थान
२४ फेब्रुवारी २०२६

चि. नमूस दादाचे आशीर्वाद, या वेळी पुरते.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. लिहायला बसलो की कोणीतरी हाक मारतं, किंवा मारत नाही तरी मी उठतो. इथे वारा सुटलाय. काच पुसून वळलं की मागची काच परत धुळीने भरलेली. दोन पोरं पळून गेली. मीही काम सोडावं म्हणतोय. जैसलमेरला हॉटेलात माणूस पाहिजे असं ऐकलं, किंवा परत वेरावळ. समुद्र तरी दिसेल.

तुझ्या कामाबद्दल मी जरा जास्त बोललो. तू हुशार आहेस ते मला माहीत आहे. पण एक सांगतो, ऐकून घे. दत्ताराम बोलतो त्यात काही अर्थ नाही. त्याला मोतीबिंदू आहे, रापणीचं जाळं ओढताना मासळी कुठल्या बाजूला पडते ते त्याला दिसत नाही. हे तू कोर्टात सांग. तेवढ्यानं काम होईल ना? लाल शर्टवाल्याच्या मागे लागायची गरज काय? गोणीत चोरीचाच माल असेल असं कशावरून? माणूस घरी काहीतरी विसरला असेल. आणायला गेला असेल. बायकामुलांची कटकट नको म्हणून गुपचूप गेला असेल. तो काय चोर होतो?

आणि कोयत्याचं म्हणशील तर विहिरीकडच्या वाकड्या माडाला खोचलेला कोयता वाऱ्यानेसुद्धा पडतो. मग कोणीतरी उचलून पडवीत टाकला असेल, लहान पोर त्यावर पडू नये म्हणून. गावचे लोक असे करतात. वाईट बुद्धीनेच करतात असं नाही.

मला एवढं विचारायचं होतं की समजा असा कोणी माणूस असला, तर कोर्ट त्याला काय करील? गावपळण मोडली म्हणून कायद्यात काही आहे काय? आणि काकाचं काय होईल? आपल्याच लोकांतलं कोणी निघालं तर कौल लावायचा मान राहतो काय? नुसतं विचारतोय. इथे पोरांत बोलणं निघालं होतं.

बाबलीला जेवण बरं देतात काय? त्याला तंबाखू लागते.

आईला सांग तब्येत ठीक आहे. झोप लागत नाही हे सांगू नको. लिहिण्यात चूकभूल झाली तर तुझ्याकडे ठेव.

तुझा,
दादा

---

ओरोस
५ मार्च २०२६

दादा,
नमस्कार. आज थट्टा सुचत नाही, रागावू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. गावपळण मोडली तर कायद्यात काही नाही. कायद्याला गावपळण माहीतच नाही. दुसऱ्याच्या घरात शिरला नसेल, काही उचललं नसेल, तर कोर्ट त्याला काही करणार नाही. आम्ही त्याला कोर्टात फक्त विचारू की काय बघितलंस, कुठे होतास. पोलीसही विचारतील आणि गोड विचारणार नाहीत. काकांच्या मानाचं मात्र मला माहीत नाही. ते काका आणि देव जाणे.

आता दुसरं. मी तुला लिहिलं होतं की बाबलीने कोयता माडाला खोचला. कोणत्या माडाला ते मी लिहिलं नव्हतं. माझं पत्र मला पाठ आहे. विहिरीकडचा वाकडा माड हे बाबलीने फक्त आम्हाला सांगितलंय, सर, रिया आणि मी. ते बाजारात नाही.

तुझं पत्र मी कोर्टाच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. मग परत वाचलं. रियाने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं ऊन लागलं. दोन दिवस मी ते पत्र बॅगेत घेऊन फिरले. शेवंती दिसली तर रस्ता बदलला. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.

सर ओरडले नाहीत. त्यांनी फाइल माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, आजपासून ह्या प्रकरणाला तू हात लावायचा नाहीस. भाऊ जर साक्षीदार असेल तर बहिणीने त्याला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, समजवायचं तर अजिबात नाही. उद्या कोणी म्हणेल की बहिणीने पढवला, आणि मग खरं असलं तरी खोटं ठरतं. आता मी दुसऱ्या खोलीत जुन्या फाइलींना नंबर घालते. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला नीट जमत होतं, दादा, आणि ते तुझ्यामुळे सुटलं. हे लिहून टाकलं, आता परत काढणार नाही.

म्हणून मी तुला काहीच विचारत नाहीये. तू कुठे होतास विचारत नाही, आणि ये असंही म्हणत नाही. तुला कोणाशी बोलायचंच असेल तर सरांना लिही, पत्ता आणि फोन नंबर मागच्या बाजूला आहे. रिया आणि आणखी एक मुलगा तुझ्याशी फोनवर बोलतील. बोलायचं नसेल तर हे पत्र फाड. मी घरी कोणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तारीख तुला माहीत आहे.

त्याला तंबाखू आत देत नाहीत.

काही झालं तरी मी तुझीच बहीण, तेवढं कोणत्याही फाइलीतून निघत नाही.

नमू

---

सोलर साइट, राजस्थान
१४ मार्च २०२६

चि. नमूस दादाचे आशीर्वाद. घेशील तर घे.

हे पत्र तुला मिळेल तोवर सरांना लिहिलेलं त्यांच्या हातात पडलं असेल. रजिस्टर केलंय, पोस्टासाठी अठरा किलोमीटर गेलो. ते पोचायची वाट न बघता सरांना फोनही केला, मग रियाशी आणि त्या मुलाशी तासभर बोललो. ती पोर कडक आहे. शर्ट कुठला, बाही केवढी, उन्हाची सावली कुठल्या बाजूला होती, सगळं काढलं. त्यांना सांगितलं तेच तुला सांगतो. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो.

कवडी कोंबी मी विसरलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी आयेने सांगितलं होतं की घराशेजारच्या मांगरात लाकडांच्या मागे ती अंड्यांवर बसलीय, टोपलीत अंड्यांसकट उचलून आण. मी होडीत सामान टाकत होतो, हो म्हटलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी राहुटीत तिने कोंबड्या मोजल्या, कवडी खंय म्हणून विचारलं, तर मी ठोकून दिलं की दत्तारामच्या खुराड्यात ठेवलीय. तीन दिवस. ती कोंबी अंड्यांवरून उठणार नाही आणि पाण्यावाचून मरणार. आणि गावपळणीत आपल्या घरात जीव राहिला, तो मेला, हे काकाला कळलं तर. म्हणून दुपारी सगळे आडवे झाल्यावर, ओहोटी होती, मी खाडी उतरून गेलो.

नमू, रिकामा गाव तू बघितलेला नाहीस. कोणी बघू नये. कुत्रं नाही, रेडिओ नाही, कोणाच्या घरात भांडं वाजत नाही. तुळशीपुढची रांगोळी जशीच्या तशी, तिच्यावर पाऊलच नाही. माझ्याच चपलेचा आवाज मला मागून येत होता. मी चपला काढून हातात घेतल्या.

टोपली घरात कुलूपबंद. अंडी कशात नेऊ? भाईच्या बागेत विहिरीकडच्या वाकड्या माडाला कोयता दिसला. बाबलीचा, मी ओळखतो तो. त्या कोयत्याने माडाचं एक झाप तोडलं, विणलं जसं आलं तसं, त्यात अकरा अंडी, वर कोंबी, तिच्यावर गोणी. तिने हाताची सालं काढली. तेवढ्यात मागे नारळ पडला. नारळच होता, आता कळतं. तेव्हा वाटलं, देव आला. हातातला कोयता फेकला तो भाईच्या पडवीत गेला. उचलायला थांबलो नाही, गोणी डोक्यावर घेऊन बांधावरून खाडी गाठली आणि कोंबी गुपचूप दत्तारामच्या खुराड्यात ठेवली. पण एवढं बघितलं की भाईच्या दाराला कुलूप होतं, कडी शाबूत होती. ह्यां माका शपथेवर सांगूचा आसा. चोरी त्याच्या नंतर झाली. कोणी केली ते मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी गाव परत भरला आणि मी कामाचं निमित्त काढून पळालो. मग बंदरात गावातली एक होडी उलटली असं आईने कळवलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हटलं, मी देवाची हद्द मोडली म्हणून. कोंबीसाठी एवढं केलं आणि बाबली आत बसलाय हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. धरला हे माहीत होतं. कशावरून धरला ते विचारलं नाही. विचारायला भीती वाटली. तुझ्यावर चिडलो तो त्याचाच राग. तुझं पत्र आलं आणि कोयता, लाल शर्ट, दोन्ही माझेच निघाले, तरी मी तुला मोतीबिंदू लिहीत बसलो.

काकाला मीच फोन केला. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, किती पिल्लां झाली. मी म्हटलं माहीत नाही. मग म्हणाला, तू ये, पहिल्यांदा देवाच्या पुढ्यात गावासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने सांग, कोर्टाचं कोर्टात. कौल लावायचा की नाही ते तो गावाला विचारणार, मला नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आई फोनवर आली नाही. मी तीनदा लावला. भाईला अजून सांगितलेलं नाही, ते समोर जाऊनच सांगावं लागणार.

मुकादम म्हणतो, महिना भरायच्या आत गेलास तर ह्या महिन्याचं काही नाही. त्याला म्हटलं, ठेव. एकोणीसची गाडी आहे, एकवीसला कुडाळ. तिथून थेट सरांकडे येईन. तू दुसऱ्या खोलीतच थांब, मला बघायला बाहेर येऊ नको. रियाने सांगितलंय, साक्ष होईपर्यंत बहिणीशी बोलायचं नाही. साक्षीनंतर तुला बोलावंसं वाटलं तर मी बाहेरच्या बाकावर असेन. तुझी फाइल माझ्यामुळे गेली. त्याचं काय करायचं ते मला समजत नाही. भरून देता येईल असं ते नाही.

दर महिन्याला घरी पाठवतो तेवढे या वेळी जमणार नाहीत. तिकीट काढून हातात राहिले ते सगळे तुझ्या खात्यावर टाकतोय. आईला देऊ नको, शेवंतीला नेऊन दे. सरांना आधी विचार, चालत असेल तरच. कोणाचे ते लपवू नको, नाव सांग, का पाठवले तेही सांग. तिने फेकले तर उचलून घे आणि वाद घालू नको, तिचा तो हक्क आहे. मग मी आल्यावर स्वतः तिच्या दारात जातंय. रुपये एक हजार एकशे चाळीस.